पहिला पर्याय

मुंबई नाक्याच्या सिग्नलला साधनानं मान वर केली आणि तिला स्वतःचाच चेहरा दिसला. पुढे सिन्नरची एसटी उभी होती, एसटीच्या टपाच्या वर एक भलामोठा फलक होता आणि फलकावर ती हसत होती. हसणं तिचंच होतं, दोन वर्षांपूर्वी ओळखपत्रासाठी काढलेल्या फोटोतलं. पण अंगात काळा कोट होता. साधनानं आयुष्यात कधी कोट घातला नव्हता. त्या दिवशी ती आकाशी साडी नेसली होती. पदराला लावायची पिन घरी राहिली म्हणून फोटोवाल्यानं टाचणी दिली होती, हेसुद्धा तिला आठवत होतं. कुणीतरी यंत्राला सांगून साडी काढली होती आणि कोट चढवला होता. हनुवटीवरचा तीळही गेला होता. चेहऱ्याच्या बाजूला लिहिलं होतं, कृत्रिम बुद्धिमत्ता शिका, थेट तज्ज्ञांकडून. आणि खाली, प्रा. साधना बोरस्ते, विभागप्रमुख. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न दिला तेव्हा सिग्नल कधीचा हिरवा झाला होता. तिनं गाडी पुढे काढली. द्वारका चौकापर्यंत तिला वाटत राहिलं, की आजूबाजूचा प्रत्येक स्कूटरवाला आपल्याकडे बघून वर बघतोय. मग लक्षात आलं, हेल्मेटच्या आत चेहरा कुणाला दिसणार, आणि दिसला तरी त्या कोटातल्या बाईशी तो कोण जुळवणार.

दिंडोरी रस्त्याला लागेपर्यंत तिचा राग ओसरला होता. राग तिच्यात हल्ली फार वेळ टिकत नसे. अठरा वर्षं एकाच कॉलेजात एकाच मजल्यावर शिकवल्यावर माणूस रागाच्या आधीच थकव्यापाशी पोचतो, जिना चढायच्या आधीच गुडघे दुखावेत तसा. तज्ज्ञ हा शब्द मात्र तिच्या मागेमागे येत राहिला. मागच्या उन्हाळ्यात प्राचार्यांनी विभागातल्या सगळ्यांना दोन आठवड्यांच्या ऑनलाइन प्रशिक्षणाला बसवलं होतं. माइक बंद, कॅमेरा बंद. लॅपटॉप ओट्यावर ठेवून तिनं निम्मं प्रशिक्षण भाजी निवडत ऐकलं होतं. शेवटी वीस प्रश्न आले, ते तिनं नीट सोडवले, कारण परीक्षा म्हटलं की तिला अजूनही नीट सोडवल्याशिवाय राहवत नसे. प्रमाणपत्र आलं. त्यानंतर महिन्याभरात कॉलेजनं साध्या कम्प्युटर शाखेच्या दोन तुकड्यांची एक केली, एआयच्या एकीच्या तीन केल्या, आणि एआयचा वेगळा विभाग काढून तिला त्याची प्रमुख केलं. अठरा वर्षं ती कंपायलर शिकवत होती. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा भाषेत कसा उतरतो, हा तिचा विषय. एआयच्या अभ्यासक्रमात तो विषयच नव्हता. तेव्हा प्राचार्य तिला चहा पाजून म्हणाले होते, "मॅडम, विषय जातो, माणूस राहतो. माणूस महत्त्वाचा." यात समाधान मानावं की नाही हे तिला त्या दिवशीही कळलं नव्हतं.

तळमजल्यावरच्या सभागृहात समुपदेशनाची टेबलं मांडली होती. दारावर तोच कोटातला फोटो, आकारानं लहान. इंजिनिअरिंगच्या पहिल्या फेरीचे अर्ज भरायचा आज शेवटचा दिवस होता. पोरांनी कॉलेजं आणि शाखा पसंतीच्या क्रमानं लावायच्या आणि संध्याकाळी पाचच्या आत अर्ज लॉक करायचा. पहिल्या क्रमांकाला जे लिहिलं तेच मिळालं, तर जागा पक्की होणार आणि पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. म्हणून आज आईबाप पहिल्या पर्यायापाशी अडून बसले होते. पहिलं काय टाकू, एवढंच विचारायला ते लांबलांबून येत होते आणि कॉलेजला हवं होतं की त्यांनी पहिलं एआय टाकावं. साधनाच्या शेजारच्या टेबलावर जीवन बसला होता. जीवन तिचाच जुना विद्यार्थी, आता तिथंच शिकवत होता. सहा वर्षं झाली, दरवर्षी त्याला एका वर्षाच्या नेमणुकीची ऑर्डर मिळत होती. यंदा प्राचार्यांनी त्याला सांगितलं होतं, एआयच्या तिन्ही तुकड्या भरल्या तर तुझी ऑर्डर, नाहीतर बघू. जीवननं हे साधनाला सांगितलं तेव्हा तो हसत होता. गेल्याच महिन्यात त्यानं आईवडिलांना गावाहून नाशकात आणलं होतं. "मॅडम, आता 'बघू'चा अर्थ मला कळतो," एवढंच तो म्हणाला होता.

पहिल्या दोन तासांत नऊ कुटुंबं तिच्यासमोर बसून गेली. तिच्या तोंडून तीच वाक्यं त्याच क्रमानं निघत होती. येणारा काळ एआयचा. साध्या कम्प्युटरवाल्यांची गर्दी फार. आमच्या पहिल्याच बॅचची एक मुलगी पुण्यात मोठ्या कंपनीत लागली. हे खरं होतं. ती मुलगी होती, लागली होती, दिवाळीला पेढे घेऊन आली होती. त्याच बॅचचा स्वराजही मार्चमध्ये आला होता, पण पेढे न घेता, आणि त्याच्याबद्दल साधना कुणाला सांगत नव्हती. स्वराज अंबडला एका कारखान्यात माल पाठवण्याच्या खात्यात बसत होता. कोणता खोका कोणत्या ट्रकमध्ये गेला ते कम्प्युटरवर चढवायचं काम. तो तक्रार करायला आला नव्हता, दाखला हवा होता. जाताना सहज म्हणाला, "मुलाखतीत त्यांनी विचारलं, तुझा प्रोग्राम मेमरीत नेमका कुठे राहतो. मॅडम, मला मॉडेल ट्रेन करता येत होतं. पण हे साधं काहीतरी होतं आणि मला येत नव्हतं. आपल्याला नव्हतंच ना ते." तिनं म्हटलं होतं, होतं थोडं, तिसऱ्या सत्रात. तो म्हणाला, "असेल." आणि दाखला घेऊन गेला. तो गेल्यावर तिनं तिसऱ्या सत्राचा अभ्यासक्रम काढून पाहिला. होतं. अर्ध्या ओळीत होतं. तो विषय त्या वर्षी शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून सगळ्यांनी मिळून वाटून घेतला होता आणि ती अर्धी ओळ कुणाच्याच वाट्याला आली नव्हती.

दहाव्या खेपेला एक बाई आणि तिची मुलगी आली. बाईच्या डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, बोटांच्या नखांत झेंडूच्या देठांचा काळपट हिरवा रंग बसलेला. खुर्चीवर टेकायच्या आधी तिनं खुर्ची पदरानं पुसली, खुर्ची स्वच्छ असूनही. "मी नवसाबाई. मखमलाबादवरून आलो," ती म्हणाली. "हिचे वडील वावरात हायेत, शेवंतीची तोडनी चालू हाय. ही म्हनली, विचारायचं तर या मॅडमनाच विचारायचं. म्हनलं चल." मुलगी शुभांगी. बारीक, चष्म्याची, आईपेक्षा उंच. तिनं पिशवीतून कागदांचे दोन गठ्ठे काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दोन शाखांचे चार वर्षांचे अभ्यासक्रम, छापून आणलेले, आणि त्यावर निळ्या पेनानं केलेल्या खुणा. साधनानं ते कागद जरा जास्तच वेळ पाहिले. अठरा वर्षांत अभ्यासक्रम वाचून आलेला विद्यार्थी तिला आठवत नव्हता. शिक्षकही ते शेवटच्या आठवड्यात वाचत.

"मॅडम, यात बाराच विषय वेगळे आहेत," शुभांगी म्हणाली. "बाकी सगळं सारखंच. पण एआयला कंपायलर नाहीये. आणि ऑपरेटिंग सिस्टिम निम्मीच आहे. मग ते पोरांनी कुठे शिकायचं?"

साधनाचा हात पाण्याच्या बाटलीकडे गेला. या प्रश्नाचं उत्तर तिला प्रशिक्षणातच मिळालेलं होतं, भाजी निवडताना कानावर पडलेलं, आणि ते आता आपोआप बाहेर आलं. "त्याची आता तेवढी गरज राहिली नाही," ती म्हणाली. "एआय स्वतःच कोड लिहितं. आतलं सगळं माहीत असायलाच हवं असं नाही. गाडी चालवणाऱ्याला इंजिन कुठे उघडावं लागतं."

"पण मला इंजिनच बघायचंय," मुलगी म्हणाली. उद्धटपणे नाही. दुकानात निळा रंग दाखवणाऱ्याला आपण हिरवा हवाय म्हणून सांगावं, तसं.

"एक येळ उत्तर दिलं ना मॅडमनी," नवसाबाई हळूच म्हणाली. मग साधनाकडे वळली. "आमाला यातलं काय बी कळत नाय, मॅडम. तुमी शानी मानसं. तुमी म्हनाल ते पयलं टाकू."

शेजारी जीवन एका बापाला वहीवर आलेख काढून दाखवत होता. रेघ वर वर जात होती. साधनानं शुभांगीचे गुण विचारले. चांगले होते, इतके की पहिलं जे लिहील ते तिला नक्की मिळालं असतं. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका नावाजलेल्या कॉलेजात साध्या कम्प्युटर शाखेलासुद्धा मिळालं असतं. साधनाला हे दिसलं, आकड्यांची तिला सवय होती. ती म्हणाली, "एआयच टाक पहिलं. पुढे स्कोप आहे."

"बरं मॅडम," शुभांगी म्हणाली. तिनं वाद घातला नाही. दोन्ही गठ्ठे एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, पिशवीत घातले. उठता उठता म्हणाली, "मी तुमचे कंपायलरचे व्हिडिओ पाहिलेत. लॉकडाउनमधले चार. पेरूवालं उदाहरण आहे ना, ते मी आईलाही सांगितलं होतं. म्हणून तुम्हालाच विचारायचं ठरवलं." आणि त्या दोघी गेल्या. दाराशी नवसाबाईनं वळून नमस्कार केला.

पुढचं कुटुंब बसलं, साधना बोलू लागली, पण आता ती स्वतःचा आवाज पलीकडच्या खोलीतून यावा तसा ऐकत होती. ते व्हिडिओ ती विसरली होती. तेव्हा घरी फळा नव्हता. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून तिनं कपाटाला चिकटवली होती आणि मोबाइल पोळपाटाला टेकवून उभा केला होता. समोर कुणी नाही, फक्त कपाट. सुरुवातीला जीभ अडखळत होती. मग चौथ्या दिवशी काय झालं कोण जाणे, तिला वाटलं आपण कुणाशी तरी बोलतोय, आणि ती खुलली. तिनं लिहिलं, साधनाने पेरू खाल्ला. खाली लिहिलं, पेरूने साधना खाल्ली. म्हणाली, बघा, व्याकरणाला दोन्ही वाक्यं चालतात, कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे. मग दुसरं वाक्य वाचून तुम्ही का हसलात? तुम्हाला जे कळलं ते यंत्राला वेगळं शिकवावं लागतं. आणि ती स्वतःच हसली होती, रिकाम्या खोलीत. अख्ख्या नोकरीत इतका चांगला तास घेणं तिला क्वचित जमलं असेल. पुढे कॉलेज सुरू झालं, तपासण्या आल्या, फायली आल्या, पाचवा व्हिडिओ राहून गेला. दोनशे-सव्वादोनशे माणसांनी ते पाहिले असतील. त्यातली एक मखमलाबादला शेवंतीच्या वावरात होती आणि तिनं आईला पेरूचं वाक्य सांगितलं होतं.

दुपारी टेबलं अर्धा तास बंद झाली. जीवननं डबा उघडला आणि तिलाही बोलावलं. तिनं भूक नाही म्हटलं. "तब्येत बरी नाही का मॅडम?" त्यानं विचारलं. "बरी आहे," ती म्हणाली. त्यानं पोळीचा घास हातात तसाच धरून सांगितलं, की सकाळपासून त्याच्या टेबलावरून सातजणांनी एआय पहिलं टाकायचं कबूल केलंय, तिच्याकडून दहाबारा असतील तर आधीचे धरून दुसरी तुकडी जवळपास भरली. तो खूश नव्हता. एखादं ओझं कुठवर आणलं हे सांगावं, तसा त्याचा सूर होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली. विद्यार्थी असताना हा मागच्या बाकावर बसून भलतेच प्रश्न विचारायचा आणि उत्तर चुकलं की तिला भर वर्गात सांगायचा. त्या वेळी तिला त्याचा राग यायचा. आता तो राग आला असता तर बरं वाटलं असतं.

ती सभागृहाबाहेर आली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. ढगाळ होतं, हवा ओली आणि जड. कुंपणापलीकडे कुणाच्या तरी टोमॅटोच्या वावरात बायका वाकून काम करत होत्या. तिला अकारण पुंजारामदादा आठवला. तिचा थोरला भाऊ. सिन्नरला दोघं वाढले. दादानं आयटीआयला जायचं ठरवलं तेव्हा वडील म्हणाले होते, वायरमन हो, विजेचं काम कुठंही मिळतं. दादानं टीव्ही दुरुस्तीचा कोर्स घेतला. त्या वर्षी गावात नवेनवे रंगीत टीव्ही येत होते आणि सगळे म्हणत होते, पुढं यालाच स्कोप आहे. स्कोप हा शब्द तिनं पहिल्यांदा दादाच्या तोंडून ऐकला. दादानं देवळाली कॅम्पच्या बाजारात दुकान टाकलं. लष्करातली कुटुंबं बदलीवर येत, जात, टीव्ही बिघडत, आणि दादा मागची बाजू उघडून आत दिवा धरून बसे. आत निळसर धूळ आणि जळक्या लाकडासारखा वास. ती सुट्टीत जाई तेव्हा तो एकेका भागाचं नाव सांगे. ती कम्प्युटरकडे वळली ती बहुधा त्या उघड्या टीव्हीमुळेच, कुणाला तिनं हे सांगितलं नव्हतं. मग भिंतीवरचे सपाट टीव्ही आले, आत उघडायला काही उरलं नाही, बिघडला की फेकायचा. दादानं दुकान मिटवलं, आता तो अंबडला एका कारखान्याच्या गेटवर असतो. इथपर्यंत ही गोष्ट सरळ होती आणि साधनाला ती कधीही शुभांगीला सांगता आली असती, की बघ, नव्या गोष्टीच्या मागे लागलं की असं होतं. पण दादा स्वतः ही गोष्ट अशी सांगत नव्हता. गेल्या भाऊबीजेला ती म्हणाली होती, दादा, तेव्हा वडलांचं ऐकायला हवं होतं. तो पानाला चुना लावत म्हणाला, "कशाला? वायरमन होऊन आयुष्यभर खांब चढलो असतो. बारा वर्षं कॅम्पात माझ्याबिगर कुनाचा टीव्ही लागत नव्हता, साधने. कर्नलची बायको मला चहा द्यायची. ती बारा वर्षं मी राजा होतो." तेव्हा कोण चुकलं, वडील का दादा, हे तिला नक्की सांगता येत नव्हतं. कुणाला काय लाभेल हे टेबलापलीकडे बसून वीस मिनिटांत कसं कळावं. तिला खरोखर माहीत नव्हतं. पण माहीत नसणं आणि माहीत असल्यासारखं बोलणं, यातलं अंतर तिला माहीत होतं. सकाळी ती त्या अंतरावरून चालून गेली होती आणि मुलगी बरं मॅडम म्हणाली होती.

चौकशीच्या अर्जावर नवसाबाईचा नंबर होता. साधना आत गेली, अर्जांच्या चळतीतून तो काढला, पुन्हा पायरीवर आली. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं नंबर लावला आणि तो लागू नये असंही तिला वाटलं. फोन शुभांगीनंच उचलला. मागे कालवा होता, भाव पुकारणारे आवाज.

"मी बोरस्ते. कॉलेजमधून. अर्ज लॉक केलास का?"

"नाही मॅडम. ओटीपी आईच्या फोनवर येतो, म्हणून मी आईबरोबर गणेशवाडीला फूलबाजारात बसलेय. आता करतेच. काही राहिलं का?"

"राहिलं," साधना म्हणाली, आणि पुढं काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं हे तिला कळलं. जिन्यावरून एक शिपाई गठ्ठे घेऊन उतरत होता. तो जाईपर्यंत ती थांबली. "हे बघ. एआयला ते बारा विषय कोण शिकवणार, तर मी आणि माझ्यासारखेच. मी ते दोन आठवड्यांत शिकलेय. तुझ्या एक धडा पुढे असेन, त्याहून जास्त नाही. चांगला शिकवणारा मिळाला तर ती शाखा वाईट नाही. आमची एक मुलगी चांगली लागलीय, आणि एक मुलगा अंबडला खोके मोजतोय, तेही आहे. चार वर्षांनी काय चालेल ते मला माहीत नाही, जो सांगतो त्यालाही नसतं. पण तुला इंजिन बघायचंय म्हणालीस. तर मग साधं कम्प्युटर घे. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात ते नीट शिकवतात, तिथं तुला मिळतंय. एआय नंतर शिकता येतं. आतलं काही न शिकता पुढे गेलं, तर मागे येऊन ते शिकायला कुणी वेळ देत नाही."

पलीकडे कुणीतरी शेवंतीचा भाव पुकारला. मग शुभांगी म्हणाली, "हे सकाळी का नाही सांगितलं, मॅडम?"

"सकाळी सांगितलं ते मी सगळ्यांनाच सांगते."

"म्हणजे खोटं?"

"खोटं नाही. अर्धं." शब्द तोंडातून गेल्यावर तो किती लहान आहे हे तिला जाणवलं. मुलगी पलीकडे जणू मनात चार व्हिडिओंवरून पुन्हा हात फिरवत होती, यातलं किती धरायचं आणि किती सोडायचं. मागून नवसाबाईचा आवाज आला, काय म्हनत्यात गं मॅडम, आणि मुलीनं दोनचार वाक्यांत सांगितलं. तिनं ते नीट सांगितलं, काही वगळलं नाही, काही वाढवलं नाही. मग फोन आईच्या हातात गेला.

"मॅडम, जेवलात का?" नवसाबाईनं विचारलं.

"नाही अजून."

"तीन वाजून गेले. जेवून घ्या." मग आवाज हळू करून म्हणाली, "तुमी हे आमाला सांगितलं, त्यात तुमच्यावर काय येनार नाय ना?"

"नाही. काही नाही."

"येत आसंल तर आमी कुनाला बोलनार नाय." कुणी तरी भाव विचारला, तिनं फोन बाजूला धरून सांगितला, परत आली. "आमीबी शेवंतीची पाटी लावतो तर वर ताजी मांडतो, खाली कालची. समदे तसंच करत्यात, नाय तर कालची कोन घेनार. पन वळखीचं गिऱ्हाईक आलं ना, मंग हात जात नाय. त्येला म्हनतो, थांब बाई, ही नको घेऊ. आता पोरगी तुमच्या वळखीची निघाली, तुमाला राहवलं नाय. त्यात काय एवढं." तिच्या आवाजात दोष नव्हता. तेच साधनाला सोसलं नाही. दोष दिला असता तर तिला तो कुठे ठेवायचा ते माहीत होतं.

फोन पुन्हा मुलीकडे आला. "मी त्या कॉलेजचं कम्प्युटर पहिलं टाकते," शुभांगी म्हणाली. "दोन बसा बदलाव्या लागतील, पण चालेल. तुमच्या इथलं एआय दुसरं ठेवू?"

"ठेव," साधना म्हणाली. "मिळणार नाही ते तुला. पहिलंच मिळेल." मिळणार नाही, म्हणजे ही मुलगी कधी आपल्या वर्गात बसणार नाही. हे तिच्या मनात आलं आणि दुखलं. सकाळपासून कशानं तरी दुखत होतं ते हेच का, ते तिला कळलं नाही. शुभांगी म्हणाली, "ठेवते मॅडम." मग काहीतरी आठवल्यासारखं, "थँक्यू." आधीच्या बरं मॅडमपेक्षा ते थंड होतं आणि जास्त खरं होतं.

फोन बंद झाल्यावर ती तशीच बसून राहिली. ओळखीचं गिऱ्हाईक. म्हणजे सकाळपासूनचे ते बाकीचे दहाबाराजण ओळखीचे नव्हते. कोण कोण होते ते तिनं आठवून पाहिलं. एक देवळाली कॅम्पचा निवृत्त सुभेदार होता, तो प्रत्येक वाक्याला येस म्हणत होता. एक मुलगा सारखा आपल्या बुटांकडे बघत होता. एक आजोबा नातीला घेऊन आले होते, त्यांना ऐकू कमी येत होतं म्हणून साधनानं स्कोप हा शब्द तीनदा मोठ्यानं म्हटला होता. बाकीच्यांचे चेहरे येईनात. त्यांचेही अर्ज आत चळतीत होते, नंबरांसकट. तिनं त्या सगळ्यांना फोन करायचा विचार केला आणि त्या विचारानंच तिचे खांदे खाली आले. मग ती उठली, आत गेली, ते सगळे अर्ज वेगळे काढले आणि पायरीवर परत आली. सुभेदारांनी उचलला, ऐकून घेतलं आणि पुन्हा येस म्हणाले. दोघांचा बंद होता, काहींनी बघतो म्हटलं. आजोबांच्या नातीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मला एआयच हवं होतं, मी मनानंच ठरवलंय, आणि साधना म्हणाली, मग उत्तम, तेच ठेव. बुटांकडे बघणाऱ्या मुलाच्या वडलांनी सांगितलं, अर्ज एक वाजताच लॉक केला मॅडम, तुमच्या शब्दावर. ते आभार मानत होते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

चार वाजता ती टेबलाशी आली. जीवनसमोर रांग होती, तिच्यासमोर एक माणूस मुलाला घेऊन ताटकळत बसला होता. कारखान्याचा गणवेश, खिशाला लावलेलं ओळखपत्र, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेला. "मॅडम, पहिलं काय टाकू, एवढंच सांगा," तो म्हणाला. "तुमचं नाव ऐकून आलोय."

साधना बाटलीतलं पाणी प्यायली. "ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण दोन्हींत काय शिकवतात आणि इथं ते कोण शिकवतं, एवढं सांगू शकते. थोडा वेळ लागेल."

तो माणूस गोंधळला. त्यानं दारावरच्या फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मुलानं मात्र खुर्ची पुढे ओढली. शेजारच्या टेबलावरचा पेन थांबला. जीवननं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. त्याच्या नजरेत राग नव्हता, विनंतीही नव्हती, तो फक्त पाहत होता. तिनं नजर चुकवली नाही. मग त्यानं वहीचं नवं पान उलटलं, समोरच्या बापाकडे वळला आणि रेघ काढायला लागला, खालून वर. पाच वाजेपर्यंत दोन्ही टेबलं चालू राहिली.